हजार मीटरच्या वर

उंटरलेंग गावात धुराडं नसलेलं घर नव्हतं, त्यामुळे कासियान श्टाउडरला अनोळखी घरही नव्हतं. वर्षातून दोनदा काळा कोट घालून, खांद्यावर तारेच्या ब्रशचं वेटोळं टाकून तो दारात उभा राहायचा. धुराडी साफ करणारा दिसला की दिवस चांगला जातो, म्हणून म्हाताऱ्या बायका आधी त्याच्या कोटाचं पितळी बटण चोळून घ्यायच्या आणि मग त्याला आत घ्यायच्या. कुणाच्या शेगडीत ओली लाकडं जळतात, कोण गुपचूप जुन्या खुर्च्या जाळतं, कुठल्या नवरा-बायकोने खोल्या वेगळ्या केल्या आणि म्हणून दुसरी शेगडी पेटायला लागली, हे सगळं त्याला काजळीवरून कळायचं. बोलायचा मात्र कुणाजवळ नाही. सगळ्या गावाशी त्याचं अरे-तुरे होतं. सरपंचाशी होतं, पाद्रीबुवांशीही होतं.

फक्त औषधाच्या दुकानाच्या मालकिणीशी नव्हतं. दुकानाच्या काचेवर सोनेरी अक्षरांत ‘मॅजिस्टर रोस्विथा हास्लिंगर’ असं लिहिलेलं होतं, आणि सगळं गाव त्यांना मॅजिस्टरबाई म्हणायचं. बाई लिंझ शहरातून अठरा वर्षांपूर्वी आल्या होत्या. त्या कासियानला ‘मिस्त्री’ म्हणायच्या आणि ‘तुम्ही’ म्हणायच्या. तोही ‘तुम्ही’ म्हणायचा.

‘तुम्ही’वरून ‘तू’वर कसं यायचं, याची तिकडे रीत आहे. ज्याचा मान मोठा त्याने सुचवायचं असतं. बाईने पुरुषाला, वडील माणसाने धाकट्याला, पदवीवाल्याने कारागिराला. रोस्विथा हास्लिंगर बाई होत्या, दोन वर्षांनी मोठ्या होत्या आणि पदवी तर काचेवरच होती. तिन्ही बाजूंनी कासियानचे हात बांधलेले. त्याने फक्त वाट पाहायची.

आधी वाट पाहण्यासारखं काही नव्हतंही. त्याची बायको माली हयात होती. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात मॅजिस्टरबाई स्वतः औषधं घेऊन घरी यायच्या, दहा मिनिटं बसायच्या, मालीशी हवापाण्याबद्दल बोलायच्या. मग माली गेली. दोन-तीन वर्षांनी कासियानच्या लक्षात आलं, की आपल्याला खोकला नाही आणि तरी आपण दर आठवड्याला खोकल्याच्या गोळ्या आणतो. त्याच्या टेबलाचा एक खण गोळ्यांनी भरला होता.

आणि या जानेवारीत त्याची चुलत बहीण ट्राउडी टपाल वाटता वाटता बातमीही वाटून गेली. “बाई ईस्टरला दुकान विकतायत. लिंझला बहिणीकडे जायचं चाललंय. अजून सही केलेली नाही, पण चाललंय.”

कासियानने हातातलं पत्र उलटं धरलं होतं. “बरं,” तो म्हणाला.

“बरं काय?” ट्राउडी म्हणाली. “बरं तर मुळीच नाही.”

आता त्याच रितीत एक पळवाट आहे. डोंगरावर हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. मंत्री असो, न्यायाधीश असो, गुराखी असो. वर वारा जोरात असतो आणि लांबलचक मानाचं बोलणं समोरच्यापर्यंत पोचत नाही, असं ट्राउडीचं शास्त्र होतं. पण उंटरलेंगच्या स्वतःच्या टेकडीचा माथा हजाराला थोडक्यात चुकलेला. टेकडीवर एक मनोरा बांधून घ्यावा, असंसुद्धा कासियानच्या मनात एकदा येऊन गेलं होतं.

त्या वर्षी टेकडीवर बर्फच टिकला नाही. फेब्रुवारीत गवत दिसायला लागलं. तेव्हा दर बुधवारी स्की करणाऱ्या गावच्या बुधवार मंडळाने, म्हणजे ट्राउडीनेच, बस ठरवली. लांबच्या होखग्राट डोंगरावर जायचं, जिथे मंडळातलं कुणीही कधी गेलेलं नव्हतं. सकाळी चर्चसमोर बस उभी राहिली आणि कासियानने पाहिलं, तर लाल हेल्मेट काखेत धरून मॅजिस्टरबाई चढत होत्या. आजवर त्या कधी सहलीला आल्या नव्हत्या.

“जायच्या आधी एकदा पाहून घ्यावं म्हटलं,” त्या ट्राउडीला म्हणाल्या आणि कासियानच्या पुढच्या बाकावर बसल्या.

बस घाट चढायला लागली. एका वळणावर निळी पाटी होती, ‘समुद्रसपाटीपासून १००० मीटर’. ट्राउडी ड्रायव्हरच्या मागे उभी राहिली आणि तिने टाळी वाजवली.

“मंडळी, हजार. आता सगळे तू. ज्याच्या तोंडून ‘तुम्ही’ निघेल तो संध्याकाळी सगळ्यांना श्नाप्सची दारू पाजेल. पाद्रीबुवा, ऐकलंस ना?”

“ऐकलं, ट्राउडी,” पाद्रीबुवा मागून म्हणाले. “तू मला एरवीही तूच म्हणतेस.”

लोक हसले. पुढच्या बाकावरच्या मॅजिस्टरबाई वळल्या.

“कासियान,” रोस्विथा म्हणाली, “तुझी पिशवी वरच्या फळीवरून माझ्या डोक्यात पडणार आहे. ती नीट लाव.”

कासियान उठला, पिशवी आत ढकलली आणि खाली बसला. इतकी वर्षं वाट पाहिलेला शब्द पिशवीच्या निमित्ताने आला होता. आता उत्तर द्यायचं. त्याने तोंड उघडलं, पण ‘तू’ काही बाहेर येईना. तो घशात हाडासारखा अडकला. ‘तुम्ही’ म्हणावं तर श्नाप्सची भीती, त्याहून तिच्या चेहऱ्याची. शेवटी तो म्हणाला, “बूट नीट बसलेत का?”

“कुणाचे?”

“असेच. सर्वसाधारण.”

रोस्विथाने त्याच्याकडे जरा पाहिलं. “सर्वसाधारण बूट ठीक आहेत,” ती म्हणाली.

होखग्राटच्या पायथ्याशी सगळ्यांच्या हातात नकाशा पडला. तो उघडला तर टेबलावरच्या चादरीएवढा. घरी एकच उतार होता. दोरीला धरून वर जायचं आणि खाली यायचं. कुठे खड्डा, कुठे उंचवटा, हे कासियानला डोळे मिटून माहीत. इथे निळे, लाल, काळे असे इतके उतार, की रोस्विथा म्हणाली, “हा नकाशा आहे की पायातल्या नसांचं चित्र?” मंडळातल्या अर्ध्या लोकांनी नकाशा घडी करून खिशात घातला आणि उन्हातल्या पहिल्याच उपाहारगृहाच्या गच्चीकडे मोर्चा वळवला. ट्राउडीने त्यांचं पुढारपण घेतलं. जाताना ती कासियानच्या कानात म्हणाली, “तू आमच्याबरोबर यायचं नाहीस. समजलं?”

अशी ती दोघंच वर गेली.

कासियानची स्की करायची तऱ्हा जुनी होती. गुडघे एकमेकांना चिकटवून, पाठ ताठ, छोटी छोटी वळणं. तरुणपणी त्याने ती मोठ्या कष्टाने कमावली होती आणि तिचा त्याला अभिमान होता. पण या उतारांची रुंदी गावच्या चौकाच्या दसपट, आणि बर्फ रात्री यंत्राने विंचरून ठेवलेला. रोस्विथाने काठ्या टेकल्या, एकदा खाली पाहिलं आणि सोडून दिलं. मोठ्या, सैल वळणांनी ती या कडेपासून त्या कडेपर्यंत जात राहिली. लाल हेल्मेट लहान लहान होत गेलं. कासियान पोचला तेव्हा ती काठ्यांवर रेलून उभी होती, गाल लाल झालेले.

“तू स्की करतोस की मिरवणुकीत चालतोस?”

“याला शैली म्हणतात,” कासियान म्हणाला.

“मिरवणुकीलाही असते.”

“कुठे शिकणं झालं हे सगळं?”

“शिकणं वडिलांकडे झालं,” ती त्याच्याच सुरात म्हणाली. “दर रविवारी नेणं व्हायचं.”

म्हणजे तो ‘तू’ टाळतोय, हे तिच्या लक्षात आलं होतं. कासियानने चष्मा काढून उगाच पुसला.

रोपवेच्या खुर्चीत दोघं शेजारी बसली. खुर्चीची बैठक खालून गरम होती, आणि याचं कासियानला इतकं नवल वाटलं की त्याने दोनदा हात घालून पाहिलं. खाली झाडं मागे पडत होती. त्याने खूप विचार करून विषय काढला.

“लिंझला हवा चांगली असते म्हणे.”

“लिंझला? कारखान्यांचं गाव आहे ते.”

“मग जायचं कशाला?”

“बहिणीकडे एक खोली रिकामी आहे.”

“खोल्या सगळीकडेच रिकाम्या असतात.”

रोस्विथाने हातमोजे घट्ट केले. मग समोर पाहतच म्हणाली, “अठरा वर्षं मी या गावाला औषधं देते आहे. लोक मला मूळव्याधीपासून सासूपर्यंत सगळं सांगतात. आणि संध्याकाळी दुकान बंद केलं की मला नावाने हाक मारणारं एक माणूस नाही. माझं नाव शेवटचं मोठ्याने घेतलं ते बँकेतल्या मुलाने, तेही वाचून. बहीण निदान रोसी म्हणते. भांडते, पण रोसी म्हणते.”

कासियानच्या जिभेवर नाव आलं. अगदी टोकावर आलं. एवढ्यात खुर्ची माथ्याला लागली, उतरायची घंटा झाली, आणि घाईत त्याची काठी खुर्चीच्या दांड्यात अडकली. ती सोडायची तर तो काठीबरोबर चार पावलं मागे मागे गेला आणि बर्फात बसला. चालकाने रोपवे थांबवला. मागच्या खुर्च्यांतले लोक हवेत झुलत राहिले आणि वरून त्याला सल्ले देत राहिले.

“शैली,” रोस्विथा म्हणाली आणि त्याला उठायला हात दिला.

माथ्यावर धुकं उतरलं होतं. दहा मिनिटांत ते असं दाटलं की स्कीची टोकं दिसेनाशी झाली. दोघं उताराच्या कडेचे खुंट बघत, एका खुंटावरून दुसऱ्यावर, हळूहळू खाली आली. कुठेतरी उजवीकडे वळायचं होतं. ती जागा त्यांच्या लक्षातच आली नाही. बरंच उतरल्यावर एक बंद पडलेला रोपवे लागला, वाऱ्यामुळे बंद, आणि पाटीवर भलत्याच खोऱ्याचं नाव.

“आपण डोंगराच्या चुकीच्या बाजूला आलोय,” रोस्विथा नकाशा नाकाजवळ धरून म्हणाली. “तुला काही सुचतंय?”

कासियानने मान वर केली आणि श्वास घेतला. त्याचा चेहरा उजळला.

“धूर,” तो म्हणाला. “लार्चची लाकडं. कोरडी, दोन वर्षं सुकवलेली. खाली डावीकडे. चांगल्या स्वयंपाकघराची शेगडी आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. डोंगरावरचं घर असणार, आत सूप असणार.”

“नक्की?”

“तीस वर्षं झाली या धंद्यात.”

दिवसभरात प्रथमच तो पुढे झाला. धुक्यातून वास घेत, थांबत, काठीने दिशा दाखवत तो तिला खाली घेऊन गेला. वास दाट होत गेला. खरंच एक धुराडं दिसलं, त्याच्याखाली लाकडी भिंत, भिंतीला दार. कासियानने विजयाने मागे पाहिलं आणि दार उघडलं.

आतून वाफेचा लोट आला, आणि वाफेच्या मागे बाकावर चार गलेलठ्ठ पुरुष बसले होते, अंगावर घामाशिवाय काहीही नसलेले. ते कुठल्याशा हॉटेलच्या अंगणातलं वाफेचं स्नानघर होतं.

कासियान दाराच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. “रोस्विथा, तू बघू नकोस,” तो ओरडला. “तू मागे फिर. तू तिकडे तोंड कर.”

मागून हसू फुटलं. ती इतकी हसली की तिला काठ्यांचा आधार घ्यावा लागला.

“कासियान, मी औषधवाली आहे. यांनी मला पाहिलं तर यांनाच गुडघ्याचं मलम विचारावंसं वाटेल.”

“दार लावा हो,” आतला एक जण म्हणाला. “वाफेचे पैसे मोजलेत.”

“हजाराच्या वर आहोत,” दुसरा त्याला म्हणाला. “लाव रे, असं म्हण.” मग कासियानकडे वळून तो म्हणाला, “खायला हवं असेल तर पुढच्या दाराने जा. आणि होखग्राटची खुर्ची हॉटेलच्या मागेच आहे. तुझी बायको फार छान हसते.”

“ती माझी बायको नाही,” कासियान म्हणाला.

“मग तर फारच छान हसते,” तो म्हणाला.

हॉटेलात खिडकीजवळ जागा मिळाली. यकृत घातलेले पावाचे गोळे असलेलं सूप आलं, मग चीज घालून परतलेले, जाड शेवयांसारखे कणकेचे तुकडे लोखंडी तव्यातच आले. कासियानच्या घशातलं हाड निघालं होतं. तो आता थांबेचना. “तुझा चमचा. तुला मीठ? तुझं सूप गार होतंय. तू ती कोपऱ्यातली शेगडी पाहिलीस? तुला सांगतो, ती धूर ओढत नाहीये.”

“कळलं, कासियान,” रोस्विथा म्हणाली. “सापडला तुला तो शब्द. आता जरा पुरवून वापर.”

पण तिने तव्यातला करपलेला, सगळ्यात चवदार भाग त्याच्या बाजूला सरकवला. मग तिने लिंझच्या बहिणीबद्दल सांगितलं, जी रात्री दोन दोन वेळा कुलूप तपासते. त्याने मालीबद्दल सांगितलं. औषध घेऊन येणाऱ्या मॅजिस्टरबाई गेल्या की माली म्हणायची, ‘या बाईला कुणीतरी जेवायला थांबवायला हवं.’ आणि त्याने कधी थांबवलं नव्हतं. रोस्विथा खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर धुकं फाटत होतं.

खुर्चीने ती दोघं पुन्हा माथ्यावर आली तेव्हा ऊन पडलं होतं. समोर सगळा उतार रिकामा, निळसर सावल्यांचा. कासियानने काठ्या टेकल्या, गुडघे एकमेकांपासून सोडवले आणि तिच्यामागे मोठं, सैल वळण घेतलं. मग दुसरं. त्याला मोठमोठ्याने हसू यायला लागलं. ती वळून वळून पाहत होती. तळाशी पोचेपर्यंत दोघं एकदाही थांबली नाहीत.

बसमध्ये ती त्याच्या शेजारीच बसली. मंडळातली निम्मी माणसं झोपली होती, उरलेली उन्हाने लाल झालेली नाकं चाचपत होती. बस घाट उतरायला लागली. निळी पाटी आली आणि ट्राउडीने पुन्हा टाळी वाजवली.

“हजार. चला, सगळे परत सभ्य व्हा.”

सगळे हसले. कासियान मात्र हसला नाही. तो नियमाचा माणूस. डोंगरावरचा ‘तू’ डोंगराचा असतो, असं त्याच्या मनाने घेतलं. तो खिशात घालून खाली आणणं म्हणजे हॉटेलचा चमचा उचलून आणणं. तिने परत मागायच्या आधी आपणच दिलेला बरा, म्हणजे तिला संकोच नको. रोस्विथाचा हातमोजा मांडीवरून घसरून खाली पडला होता. त्याने तो उचलला.

“मॅजिस्टरबाई,” तो म्हणाला, “तुमचा हातमोजा.”

रोस्विथाने हातमोजा घेतला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं.

“आभारी आहे, मिस्त्री,” ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली. गाव येईपर्यंत ती वळलेलीच राहिली.

चर्चसमोर बस थांबली. लोक स्की उतरवून घ्यायला लागले. रोस्विथाने आपल्या स्की खांद्यावर घेतल्या, सगळ्यांना मिळून एकदाच “शुभ संध्याकाळ” म्हटलं आणि ती दुकानाच्या दिशेने चालायला लागली. कासियान पाहत उभा राहिला.

ट्राउडी त्याच्याजवळ आली. “काय केलंस तू?”

“काही नाही. हजाराच्या खाली आलो. तूच ओरडलीस.”

“मी गंमत केली रे, गाढवा. मी दरवर्षी करते. एकदा दिलेला ‘तू’ काढून घ्यायचा म्हणजे तोंडावर दार आपटणं. आता ती काय समजली असेल?”

“काय?”

“वर तुझी मजा झाली, खाली तुला गावाची लाज वाटली.”

कासियानला बर्फात बसल्यासारखं झालं. “पण सुचवायचं तिने असतं,” तो म्हणाला. “बाई ती आहे. पदवी तिची आहे. मी कसं सुचवणार?”

“आणि दिवसभर ती काय करत होती? भाजी निवडत होती?” ट्राउडीने त्याच्या हातातल्या स्की ओढून घेतल्या. “दे इकडे. पळ.”

स्कीच्या बुटांत पळता येत नाही. कासियान चौकातून खटाक खटाक करत, डावीउजवीकडे झुकत गेला. बेकरीच्या दारात उभ्या असलेल्या दोन बायका बोलायच्या थांबल्या. बसभोवतीची माणसंही वळून बघत होती. त्याला ते सगळे दिसत होते. रोस्विथा दुकानाच्या पायरीशी पोचली होती, किल्ली शोधत होती. आवाज ऐकून ती वळली.

“काय झालं, मिस्त्री? दुखापत?”

कासियानला दम लागला होता. वाटेत त्याने एक वाक्य जुळवलं होतं, ते बेकरीपाशीच सांडलं. त्याने उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि हात पुढे केला.

“कासियान,” तो म्हणाला.

आपलं नाव सांगून हात पुढे करायचा, हाच ‘तू’ सुचवायचा रिवाज. पण तो तिने करायचा होता. रोस्विथाने त्या हाताकडे पाहिलं. काजळी कधीच पूर्ण न गेलेली नखं होती ती.

“हे मी म्हणायचं असतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“चौकात सगळे बघतायत.”

“ते बघू देत.” मग त्याने श्वास घेतला. “बसमध्ये मी चुकलो. मला वाटलं, परत करायचं असतं. मला परत करायचं नव्हतं.”

रोस्विथाने स्की भिंतीला टेकवल्या. सावकाश, एकेक बोट मोकळं करत आपला मोजा काढला. कासियानचा हात तोवर थंडीत तसाच पुढे होता.

“रोस्विथा,” ती म्हणाली आणि तिने हात हातात घेतला.

चौकातून ट्राउडीची शिट्टी ऐकू आली. दोघांनी तिकडे पाहिलं नाही.

“आणि लिंझ?” कासियानने विचारलं.

“लिंझ कुठे जात नाही.” तिने किल्ली लावली, दार उघडलं आणि दिवा लावला. “तुला काही शिजवता येतं, की नुसता वास घेता येतो?”

“बटाटे येतात.”

“मग उद्या बटाटे कर. मी सातला येते,” रोस्विथा म्हणाली. “आणि आता घरी जा, कासियान. पायातले बूट काढ आधी, रस्ता खराब होतोय.”